टोपली रिकामी करू नये

साता समुद्रापलीकडे अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली, म्हणून अकोल्यात मी रोज वीस माणसांच्या भाकरी थापत होते. एवढा भूगोल मला आपोआप आला. कापसाला भाव चढला तशी वेचणीची मजुरी चढली, आणि स्वयंपाकाला बाई मिळेनाशी झाली. माझा धाकटा भाऊ जानराव याची बायको दोन वर्षांमागे गेलेली. मी विधवा. म्हणून त्याची चूल माझ्याकडे, त्याच्या शेतातल्या वेचणारणींच्या भाकरी माझ्याकडे, आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी शकुनही माझ्याकडे.

शकुनचं लग्न झालेलं होतं. हिवरखेडाहून तिचे सासरे शालिकराम यांचा निरोप आला : वेचणीला हात कमी पडून राहिले, पोरगी पाठवा.

"बाई, थांबवू कसा त्याहिले?" जानराव म्हणाला. "काई कारन तं पाहिजे."

"शाळेत घाल. सरकारनं पोरींची शाळा काढली ना? शालिकराम सरकारले लय भेतात. सरकारी शाळेतून पोरगी काढाची त्याहिची छाती नाई. वर्षभर तरी राहीन आपल्यापाशी."

"येवढ्या मोठ्या पोरीले कोरी घेत नाईत तिथं. वाचन, नकाशा, बेरीज-वजाबाकी आली तं घेतो म्हनतात पंतोजी. परीक्षेले दीड मयना हाय. तवर काईबाई सांगून टाळतो त्याहिले."

दीड महिना, आणि वीस माणसं. वेगळं बसून शिकवायला वेळ कुठला? मी स्वतः अक्षरं शिकले ती नवऱ्याच्या दुखण्यात, त्याला पोथी वाचून दाखवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. बसून शिकणं मलाही ठाऊक नव्हतं.

मग परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं, बोटानं अक्षर काढायचं, शकुनला ते आलं की पाणी घालून मळून टाकायचं. सगळी बाराखडी वेचणारणींच्या पोटात गेली. नकाशा पिठल्याचा. ताटात पिठलं पसरून मधून बोटानं रेघ ओढली, ही पूर्णा. वरच्या काठाला मिरच्या मांडल्या, तो मेळघाट. रेघेखाली कांद्याच्या दोन फोडी, उजवीकडची अमरावती, डावीकडचं अकोलं. वरणाचं झाकण उडायला लागलं तेव्हा सांगितलं, याच वाफेवर आगगाडी चालते.

"मंग आपलं वरन मुंबईले जाईन एक दिस," शकुन म्हणाली.

वजाबाकी टोपलीतल्या भाकरींवर. वीस होत्या, सात गेल्या, किती राहिल्या? वाढता वाढता ती पटापट सांगायची. शिकवताना माझाच डोळा लागायचा. मग ती हळूच म्हणायची, "आत्या, भाकर जळून राहिली."

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले आणि शाळेच्या दाराशी बसले. पंतोजी पुण्याकडचे, वयस्कर, मऊ बोलणारे. शकुननं धडा वाचला. नकाशावर पूर्णा बरोबर दाखवली. पाटीवर वजाबाकी दिली तशी मात्र ती गांगरली. पंतोजींना तिची दया आली असावी.

"बरं, पाटी राहू दे. टोपलीत बारा भाकरी होत्या. सहा जणांनी दोन-दोन खाल्ल्या. टोपलीत किती उरल्या?"

"एक."

"नीट विचार कर."

"एकच, गुरुजी."

"ती कशी?"

"एक ठेवाच लागते. टोपली रिकामी नाई करत."

"अगं, मी घरची रीत विचारत नाही. प्रत्येकानं दोन खाल्ल्या ना?"

"मंग कोन्या एकाले एकच भेटली असन."

"कोणाला?"

"वाढनारीले."

"पण मी सांगतो आहे की सगळ्यांनी दोन-दोन खाल्ल्या."

"तुमाले तसं सांगितलं असन," शकुन म्हणाली.

मला हसू आलं, आणि चूक कुणाची तेही कळलं. दीड महिना मी पोरीला रोज वजाबाकी शिकवली, पण टोपलीत एक भाकरी ठेवून. आमच्याकडे टोपली कोरडी करणं अशुभ. सगळं गेलं तर काय उरतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"गुरुजी, चूक माझी आहे," मी दारातूनच म्हणाले. "ते शिकवायचं राहिलं."

"शून्य आल्याशिवाय कसं घेऊ?" ते म्हणाले. "सोमवारी आणा पुन्हा."

घरी आलो. टोपलीत सकाळची एक होती. "खा," मी म्हटलं.

"ही? अन् टोपली?"

"खा म्हटलं ना."

तिनं अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. मला भूक नव्हती, तरी खाल्ली. मग टोपली तिच्यापुढे सरकवली. तिनं आत हात घालून बोटांनी सगळा तळ चाचपला.

"किती?"

"काईच नाई."

"तेच काढ पिठात." तिनं परातीत वाटोळं काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"आत्या वं, आता आपल्या घरात अवदसा तं नाई ना येनार?"

"आली तं तिले भाकरी थापाले बसवू."

सोमवारी पंतोजींनी बारातून बारा विचारले, मग नवातून नऊ. तिनं दोन्ही वेळा पाटीवर वाटोळं काढलं आणि नाव दाखल झालं. जानरावानं त्याच दिवशी हिवरखेडला माणूस पाठवला : पोरगी सरकारी शाळेत आहे, यंदा येणं होणार नाही.

मंगळवारी सकाळी शकुन केस विंचरून, पाटी घेऊन गेली. मी चुलीपुढे बसले. वीस जणींचं पीठ परातीत होतं. ती असली की मी थापायची, ती पलटवायची. पाठ आदल्या दिवसापासूनच भरून आली होती. जानराव स्वयंपाकघरात डोकावला.

"बाई, आजपासून भाकरी कोन पलटवन?"

"तू. हात धुऊन ये."

त्यानं मागे वळून अंगणात कोणी नाही ना, ते पाहिलं. मग पागोटं काढून त्यानं खुंटीला अडकवलं.