बाहेरची कडी आत आली

मी कडी बोलतेय. दाराची, हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. माझा जन्म रागातून झाला. त्याची मला लाज नाही; लाज वाटावी असं मी पुढे चार वर्षं केलं.

मला घडवणारा वेल्डर होता, खिडक्यांच्या जाळ्या करणारा. त्याची लेक ठकी तेव्हा पंधरा वर्षांची. इतरांना जे शिकायला एक दिवस लागे, त्याला तिला दोन महिने लागत. एका दुपारी ती एकटीच कोपऱ्यापर्यंत गेली आणि गल्लीतल्या टोळक्याने तिला दगडांनी मारलं. भुवई फुटली. बापाने त्यातल्या एकाला धरून असं तुडवलं, की त्याचे दोन दात गटारात पडले. मग त्याच रक्ताळल्या हातांनी त्याने सळई तापवली आणि मला ठोकून काढलं. संध्याकाळी मी ठकीच्या खोलीच्या दारावर होते. बाहेरच्या बाजूने.

म्हणजे मारणारे मोकळे, आणि कोंडली कोण, तर मार खाणारी.

चार वर्षं आतून माझ्यावर तांब्या आपटत होता. कधी टाच, कधी कपाळ. कपाळाचा आवाज वेगळा असतो, ओला. आई दुपारी ताट घेऊन यायची, मला सरकवायची आणि म्हणायची, हे तुझ्याच भल्यासाठी गं. ती ठकीला सांगत होती की स्वतःला, ते लोखंडाला काय कळणार!

मग बापाची थोरली बहीण राहायला आली. ठकीची आत्या. चाळीस वर्षं शिवणकाम करून एकटी जगलेली. कात्रीपेक्षा जिभेलाच धार जास्त. तिने पाहिलं, की एकोणीस वर्षांच्या भाचीला आई खोलीतल्या न्हाणीत, खोलीचं दार उघडं टाकून आंघोळ घालते, कारण आतून कडीच नाही. त्या दिवशी जेवताना तिने भावाला सोलून काढलं. पोरगी कोंबडी आहे का खुराड्यात ठेवायला, म्हणाली; ही कडी काढून दाराला आतून लाव, तिची तिला लावू दे.

"ताई, आत अडकून बसली तर?"

"आणि तू मेलास तर? तेव्हा कोण उघडणार आहे?"

बाप कुरकुरला. शेवटी तो तयार झाला, पण अट घालून. ठकी एकदा जरी आत अडकली, तरी कडी पुन्हा बाहेर. मग आत्याने तोंड उघडायचं नाही.

आत्याने छिन्नी घालून मला उपटलं. लाकडाचा लचका घेऊनच मी निघाले, आणि त्याच दाराला आतल्या बाजूने बसले.

तिची शिकवण्याची रीत शिंपिणीची. नव्या मुलीला ती सदऱ्याचा शेवटचा टाका आधी घालायला द्यायची, मग शेवटचे दोन, मग अख्खी बाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून माणूस काम पुरं करूनच उठतं. माझंही तसंच. आत्या मला जवळजवळ सगळी सरकवी, शेवटचं बोटभर ठकी ढकले. मग दोन बोटं. मग वीतभर. उघडतानाही तेच. ठकीचं बोट माझ्यात चिरडलं, नख काळं पडून गळलं. तिने आत्याचा चष्मा फोडला, मनगटाला चावून रक्त काढलं. आत्याचा हात उगारला गेला. तो तिने दारावर आपटला आणि म्हणाली, "पुन्हा."

तिसऱ्या महिन्यात ठकी मला लावून एकटी आंघोळ करू लागली.

आणि एका दुपारी बाप अवेळी घरी आला. हाक मारली, उत्तर नाही. आत नळ धो धो वाहत होता. त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं कोण जाणे, त्याने घण आणला. पहिल्या घावाला मी वाकले. आत्या आडवी आली; त्याने तिला ढकललं, ती चौकटीवर आदळली, ओठ फुटला. दुसरा घाव. मला घडवणारा हात मला मारत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही.

नळ बंद झाला.

"थांब ना," आतून ठकी म्हणाली. "अंगावर पाणी आहे."

घण हवेतच राहिला. अंग पुसून, कपडे घालून ती माझ्यापाशी आली. मी वाकडी, सरकेना. बाप म्हणाला, अडकली, सांगितलं होतं मी. त्याने पुन्हा घण उचलला.

"ठेव तो खाली," आत्या रक्त गिळत म्हणाली. "हे काम पुरं तिने करायचंय."

ठकीने ओढून पाहिलं. मला शिव्या घातल्या, सगळ्या आत्याकडून शिकलेल्या. मग न्हाणीतला तोच जुना तांब्या आणला आणि माझ्या मुठीवर हाणला. एकदा. दोनदा. तिसऱ्याला मी सुटले.

ती बाहेर आली. केस निथळत होते, बटणं वरखाली लागली होती. तिने आत्याचा ओठ पाहिला, घण पाहिला.

"बाबा, आधी दार वाजवायचं."

बापाने घण खाली ठेवला.

मी अजून वाकडीच आहे. त्याने नवी कडी करून आणली होती, ठकीने ती खिडकीतून भिरकावली. मला किंचित उचलून ओढावं लागतं, आणि ती खोच फक्त तिलाच ठाऊक. बाप आता दार वाजवतो. घण पेलणारा तो हात, बोटाच्या एका पेराने. कधी ठकी म्हणते ये, कधी म्हणते नको. नको म्हणाली, की तो मुकाट परत जातो.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण अशीच दाराबाहेर बसली असेल, तर तिला उपटा. हाताने निघणार नाही, छिन्नी घालावी लागेल. लाकूड फाटेल. फाटू द्या.