पाजल्यानंतरचं वजन

पाजल्यावर पोर हलकं होतं, असं जगात कुणी ऐकलंय का? पण वहीत तसंच होतं, आणि लिहिलेलं सुनेच्याच हातचं. पाजण्याआधी तीन हजार नऊशे ऐंशी ग्रॅम, पाजल्यावर तीन हजार नऊशे साठ!

आईच्या दुधावर संशोधन करणाऱ्या केंद्रानं दोन दिवसांसाठी वजनकाटा घरी दिला होता. आधी बाळ तोलायचं, पाजून झालं की पुन्हा तोलायचं, फरक पडेल तेवढं दूध पोटात गेलं. म्हणजे सुनेच्या अंगावर दूधच नव्हतं. पाच आठवड्यांचं पोर. रडलं की ही दचकायची, झोपलं की भुकेनं ग्लानी आली की काय, म्हणून नाकाशी बोट धरायची.

"मी पावडरचा डबा आणते," सासूबाई म्हणाल्या. "उगाच जिवाशी खेळ नको."

"दुपारी केंद्राच्या सिस्टर येतायत ना, तेवढं थांबा हो आई," सून काकुळतीला आली.

सिस्टर आल्या. वही बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि इकडे सुनेचा जीव टांगणीला.

"माझ्यासमोर पाजा बघू."

बाळ तोललं, सुनेनं पाजलं. मग सासूबाईंनी रोजच्यासारखं त्याला उचललं, पाजताना ओला झालेला लंगोट सोडला, कोरडा बांधला आणि निघाल्या काट्याकडे.

"अहो आजी, थांबा! दर वेळी असंच करता?"

"मग? पोराला ओल्यात तोलू होय? शोभतं का ते?"

सिस्टरनी कोरडा लंगोट काढला, ओला बाळाशेजारी काट्यावर ठेवला आणि आकडा वाचला. "आधीपेक्षा पासष्ट ग्रॅम जास्त. अगं, भरपूर दूध आहे तुला! दोन्ही वेळा लंगोट तोच हवा, हे आमच्याच माणसांनी सांगायचं राहिलं. चूक आमची."

सुनेला रडू आवरेना. बाळाला छातीशी घट्ट धरून ती नुसती हुंदके देत राहिली.

सासूबाई मात्र काट्यापाशीच खाली बसल्या. "मलाही सगळे म्हणाले होते, तुझं दूध पुरत नाही," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बापाचं मी महिन्यातच तोडलं. रात्रंदिवस माझ्याकडे झेपावायचा तो. मी पाठ फिरवून झोपायची. कुणी एकदा तोलूनसुद्धा बघितलं नाही गं."