दाराला लावलेली कणीक

जरा पुढं सरका, बायाबापड्यांनो. खांबाला टेकलेल्यांनीही या, आवाज तिथवर पोचत नाही. पूर्वरंगाआधी एका मोटारीच्या दाराची गोष्ट सांगतो.

आपल्या कीर्तनात पखवाज वाजवणारा डिंगोऱ्याचा सावळाराम, आणि त्याच्याशेजारी टाळ धरणारा मी, भगवंत. त्याच्या बायकोचं, अंजनावहिनींचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एसटीची पायरी चढवेना, म्हणून त्यानं गेल्या चैत्रात नवी गाडी घेतली. शोरूममध्ये गाडी लाल मखमलीखाली झाकलेली. आधी पेढे, मग कागद. ‘गाडी तपासून घेतली, तक्रार नाही.’ सावळारामनं सही केली आणि मग मखमल ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

पारगावच्या कीर्तनाहून येताना चहाला थांबलो. सावळाराम गाडीभोवती फिरत, चाल गुणगुणत, दारांवर ठेका धरत होता. तीन दारं खणखणीत बोलली. डाव्या मागच्या दारावर बोटं थबकली.

“भगवंता, ह्या दाराला कणीक लावलीय राव.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, मग ते जड बोलतं. मी म्हणालो, गाडीला सुरात लावणारा तू पहिलाच. तो हसला नाही. वहिनी त्याच दाराशी बसायच्या.

आठवड्यानं येडगाव धरणापाशी ते दार ना आतून उघडेना, ना बाहेरून. गुडघा वळत नाही, त्यामुळं वहिनींना पलीकडंही सरकता येईना. भर उन्हात दीड तास त्या आत, आम्ही बाहेर. सावळाराम खिडकीतून उपरण्यानं वारा घालत होता. नारायणगावहून मेकॅनिक आला, त्यानं आतलं कव्हर काढलं. ठोकून सरळ केलेला पत्रा, अन् वरून पुट्टीचा थर.

शोरूमच्या मॅनेजरनं सहीचा कागद पुढं सरकवला. तपासून घेतली म्हणता ना काका, मग दार तुमच्याकडंच चेपलं. तरी माणुसकी म्हणून फुकटात करून देतो, फक्त पुढं तक्रार करणार नाही असं लिहून द्या. सावळारामनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मला हळूच म्हणाला, “सही तर माझीच हाये. न्हाई कसं म्हणू?”

उद्या येतो सांगून आम्ही उठलो. एसटीच्या थांब्यावर एक मुलगी धापा टाकत आली. प्रज्ञा. शोरूममध्ये ट्रकमधून उतरलेल्या गाड्या तपासणं हे तिचं काम.

“काका, ते दार गाडी उतरवतानाच चेपलं व्हतं. मी रजिस्टरात लिवलंय. गिऱ्हाइकाला सांगू नको, सायेब म्हनले. लपवलेलं तुमच्या सहीनं धुवून जात न्हाई. ग्राहक आयोगात जावा, साक्ष मी देते.”

तिनं शपथपत्र दिलं. त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली.

पुण्याला तारखा चालू आहेत. पुरावा म्हणून गाडी तशीच ठेवायची आहे. ना चालवायची, ना विकायची. सावळाराम पखवाज मांडीवर घेऊन एसटीनं येतो. वहिनी घरीच. आत्ताही हा माझा फोन चालू आहे ना, त्यावर त्या ऐकतायत.

निकाल लागेल तेव्हा लागेल. आज शेवटी हात जोडाल, तेव्हा आपल्या लेकरांच्या जोडीला प्रज्ञाचंही नाव घ्या. ती आपल्या देवळात येत नाही, तिचं वंदन बुद्धविहारात असतं. तरी घ्या.