काळी बाजू, पांढरी बाजू

१९५५ साली गोव्याच्या नाक्यावरचे पोर्तुगीज शिपाई पांढरी टोपी दिसली की सत्याग्रही ओळखून माणसाला परत पिटाळत. सत्यवानला उद्या पलीकडे जायचे होते. म्हणून बांद्यात शिवणकाम करणाऱ्या यशोदेने भावासाठी वरून काळी, आतून पांढऱ्या खादीची टोपी बेतली. शिवण तिने दोन्ही कापडांच्या मध्ये दडवली.

"आतून बघल्यानी तर?" सत्यवानने विचारले.

"अस्तर समाजतले. काळ्या टोपयेक अस्तर पांढराच आसता."

"उलटी खंय करू?"

"म्हापशाच्या बाजारात, मधोमध."

तिने तशीच दुसरी टोपी काढली.

"ही कोणाची?"

"माझी."

"बायलमाणूस टोपी घालता काय गो?"

"उद्या म्हापशात बघ," म्हणत यशोदेने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि पांढरी बाजू वर करून टोपी डोक्यावर घट्ट बसवली.