न्याहारीचा निकाल

"गाडी जोडलीस का रे?"

आयलीनं दारातूनच विचारलं. क्लेटननं नुसतं बोट दाखवलं. व्हॅनच्या नाकातून निघालेली नारिंगी वायर बर्फावरून सरपटत ओसरीच्या भिंतीतल्या प्लगपर्यंत आली होती. बाहेर उणे एकतीस. एवढ्या थंडीत इंजिनाला रात्रभर विजेची ऊब दिली नाही, तर सकाळी आतल्या तेलाचा डिंक होतो आणि गाडी जागची हलत नाही. तरी आयली स्वतः जाऊन प्लग हलवून बघून आली. गायकाच्या गळ्यावर तिचा जीव होता, पण त्याच्या अकलेवर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती.

"बूट बाहेर झटका," ती आत येत म्हणाली. "वाद्यं आत घ्या. गिटारीला थंडी लागली तर ती मरते. तुम्ही नाही मरत."

विनिपेगहून टोरँटोला जायचं म्हणजे दोन दिवसांची वाट, आणि बरोबर मधोमध, सुपीरियर सरोवराच्या काठी, आयली कोस्केलाचं घर. एकोणीस वर्षांत त्या घरात किती बँड झोपले याचा हिशेब तळघराच्या जिन्यातल्या भिंतीवर होता. एकावर एक डकवलेली पोस्टरं, त्यावर सह्या. गावातल्या बाकीच्या बायका हॉकीवाल्या पोरांचं करायच्या. आयली गाणाऱ्यांचं करायची. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर कुठलीशी पोरगी गायली होती. याच रस्त्याबद्दल, याच सरोवराबद्दल, साध्या आवाजात, जणू शेजारीण ओट्याशी उभी राहून बोलतेय. आयली पिठाचे हात तसेच ठेवून खाली बसली होती. त्या दिवसापासून जे लागलं ते लागलं.

"अमेरिकेचे मोठे गवई विमानानं आपल्या डोक्यावरून जातात," ती सांगायची. "आपले व्हॅनमधून आपल्या दारावरून जातात, आणि उपाशी जातात. लाज वाटायला हवी गावाला."

तिची शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निम्मी फिनिश बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं राहण्यात गेली. इंग्रजी वाचायला ती शिकली तबकड्यांच्या पाकिटांत येणाऱ्या गाण्यांच्या कागदांवरून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत. कोण कुठल्या बँडमधून फुटला, कुणाच्या ड्रमवाल्यानं कुणाच्या बासवालीशी लग्न केलं, कोण शेवटी कंटाळून सॅस्कटूनच्या शाळेत मास्तर झाला, हे सगळं तिला घरच्या सोयरिकीसारखं पाठ. सगळे तिला मुम्मू म्हणत. फिनिश लोक आजीला म्हणतात तसं.

राहण्याजेवणाचं ती काही घेत नसे. फक्त सकाळच्या न्याहारीला निकाल द्यायची. आदल्या दिवशीच्या गाण्यांतलं एक ठेवायचं, एक टाकायचं. का, ते सांगायची नाही, आणि निकाल दोनदा सांगायची नाही. सहा वर्षांपूर्वी क्लेटनच्या एका गाण्यावर ती नुसतं म्हणाली होती, "मी ऐकलंच नाही." म्हणजे ऐकण्याजोगं नव्हतं. ते गाणं त्यानं परत कधी गायलं नाही.

क्लेटनचा बँड स्नो फेन्सेस तिचा सगळ्यांत लाडका. पंधरा वर्षं झाली, नाव कुणाला माहीत नाही, आणि तिच्या मते पूर्व-पश्चिम समुद्रांच्या मध्ये असं गाणारं दुसरं कुणी नाही.

त्या संध्याकाळी सॅमन घातलेलं बटाट्याचं सूप वाढून झालं. क्लेटननं वाटी पुसून घेतली आणि तिच्याकडे बघून बोलला. वय त्रेचाळीस, दाढीत पांढरं आलेलं. केनोरात मेहुण्याचा फरश्या बसवायचा धंदा आहे, तो एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवणार आहे. आज पहिलंच म्हटलं ते गाणं नवीन आहे. ते खरं असेल तर वसंतात एक तबकडी करायची. नसेल तर हीच शेवटची फेरी.

"सकाळी सांग, मुम्मू. तू म्हणशील तसं."

ड्रम वाजवणारी जोसेट सूपात चमचा फिरवत राहिली. बँडमधले बाकीचे दोघे छताकडे बघत होते. आयली उठून भांडी गोळा करू लागली, म्हणजे तोंड दिसायला नको.

कारण ते गाणं तिनं ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम दुपारचा होता. माजी सैनिकांच्या क्लबात दर शनिवारी मटणाची सोडत असते. चिठ्ठ्या निघतात, कुणाला चापा मिळतात, कुणाला सॉसेज, आणि ती संपली की त्याच मंचावर बँड. आयली नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसली होती. ड्रम तिला जमिनीतून कळले, बास खुर्चीतून कळला. क्लेटनचे ओठ हलत होते. आवाज तेवढा आला नाही. सव्वीस वर्षं तिनं लाकूड गिरणीत रंध्याच्या यंत्रापाशी काढली होती. त्या यंत्राच्या कर्कश आवाजानं कानांचं घेतलेलं आता हळूहळू उघडं पडत होतं. दोन हिवाळे झाले, पातळ आवाज गेले. आधी पक्षी, मग फोन, आता हा. दवाखान्यानं दिलेलं कानातलं यंत्र तिनं तीनच दिवस लावलं. त्यातून लाडकी गाणी पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजली. तिनं ते बटणांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची. कुणाला सांगितलं नाही. मुम्मू बहिरी झाली म्हटल्यावर तिच्याकडे निकाल मागायला कोण येणार होतं?

सकाळी तिनं ओटची लापशी केली, वेलदोड्याच्या गोड पावाची वेणी कापली, कॉफी ओतली. 'ठेव' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. पोरगा खूश होऊन गेला असता. पण एकोणीस वर्षांत तिनं गाण्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. माणसांबद्दल सांगितलं असेल.

क्लेटन तिच्याकडे बघत होता.

"त्या नव्या गाण्याचं म्हणशील," ती म्हणाली, "तर मी ऐकलंच नाही."

त्यानं चमचा ठेवला. "बरं," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बरं." लापशी छान झाली होती म्हणाला, आणि बूट घालायला उठला. पाठमोरा असतानाच जोसेटला सांगू लागला की मेहुण्याला वाटेतून फोन करू.

आयलीला तेव्हा उमगलं. आपलेच सहा वर्षांपूर्वीचे शब्द फिरून आपल्या दारात आले होते.

"खाली बस," ती म्हणाली. "टोमणा नाही मारला. कान गेलेत माझे. रंध्यानं नेले."

कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं, बोलले असतील, आपल्याला ऐकू आलं नसेल. मग जोसेट सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "मग गेल्या वर्षी आमचं ते वेगवान गाणं टाकायला लावलंस, ते कसं काय?"

"तुझा पाय बघून. कंटाळला होता तुझा पाय."

जोसेट हसायला लागली. "खरंच कंटाळला होता गं."

"आणि काल रेनो बघितला मी," आयली क्लेटनला म्हणाली. रेनो म्हणजे तिच्या शेजारचा म्हातारा. तो क्लबात येतो तो फक्त सोडतीसाठी, आणि मटण मिळालं की आधी गाडीत नेऊन ठेवतो, मग परत येऊन गाण्याला नावं ठेवतो. "काल त्याला चापा लागल्या. गोठलेली पुडी हातात घेऊन निघाला आणि तुझ्या त्या गाण्याला दारातच थांबला. पुडी वितळायला लागली, पाणी त्याच्या बुटांवर टपकत होतं, बाबाला पत्ता नाही. चाळीस वर्षांत मी रेनोला मटण विसरलेला बघितला नाही."

क्लेटनचा एक बूट पायात, एक हातात.

"पण रेनोच्या बुटांवरून मी निकाल देत नाही. शब्द मला ठाऊक नाहीत. थांब."

ती आत गेली. बटणांच्या डब्याचं झाकण निघता निघेना. यंत्र लावून ती परत आली, तेव्हा फ्रिज विमानासारखा घुमत होता आणि चमच्याचा आवाज कुऱ्हाडीचा होता. केस तिनं कानावर ओढून घेतले, मग मागे सारले.

"म्हण आता. ओरडू नकोस. मी बहिरी आहे, खुळी नाही."

त्यानं तिच्या टेबलाशी बसून गिटार मांडीवर घेतली. गाणं रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाचं होतं. सगळं गाव झोपेत असताना तो सगळ्यांचा रस्ता मोकळा करतो, उजाडता घरी येतो, आणि त्याचंच फाटक बर्फानं बुजलेलं असतं. आवाज पत्र्याचाच आला. तिच्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा तो खरखरीत, उबदार आवाज नाही, त्याचं कसलंसं हाडूक. पण शब्द आले, एकामागून एक. आयलीचं बोट टेबलाच्या कापडावरून सरकत होतं, कागदावर सरकायचं तसं.

गाणं संपलं. तिनं थंड झालेली कॉफी प्याली.

"दुसरं कडवं काढ. बायकोचं. एवढ्या थंडीत कुठली बायको खिडकीत उभी राहून वाट बघते? झोपते ती. बाकी ठेव."

"ठेव म्हणजे ठेव?"

"मी दोनदा सांगते का कधी?"

त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ दुसऱ्या बुटाची नाडी बांधत बसला. निघताना म्हणाला, तबकडी झाली की पाठवतो, गाण्याच्या कागदासकट.

"मोठ्या अक्षरात छाप," ती म्हणाली. "आणि मधे एकदा या. कागद काही गात नाही."

मग मिठ्या, पावाची पुडी, राहिलेला हातमोजा. व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली. आयली ओसरीवर शाल घट्ट धरून उभी राहिली, हात हलवला, आणि व्हॅन वळणाकडे निघाली तेव्हा तिला तो आवाज आला. खर्र खर्र, मधेच टक, पुन्हा खर्र. दोन हिवाळ्यांत तिनं एवढा बारीक आवाज ऐकला नव्हता. तिनं भिंतीकडे बघितलं. प्लग रिकामा होता. एकोणीस वर्षं बँडवाल्यांची वायर तीच काढत आली होती, आणि आज तीच विसरली. नारिंगी वायर व्हॅनच्या मागे शेपटीसारखी बर्फावरून चालली होती.

हाक मारली असती तर त्यांनी ऐकली असती. तिनं मारली नाही. पेट्रोल भरायला थांबतील तेव्हा बघतील, शिव्या देतील. वायर चांगली चाळीस फुटी, जाड, तिच्या नवऱ्यानं आणलेली. परत द्यायला यावंच लागेल.

व्हॅन झाडांमागे गेली. ती खरखर ऐकू येईनाशी होईपर्यंत आयली तिथेच उभी राहिली, कानावरचे केस मागे सारून.