धाब्यावरचे थर

फाल्गुनातल्या त्या सकाळी मेहकरात कोकिळेच्या फडताळावरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले, आणि तिला आनंद झाला. ही गोष्ट तिने पुढे कुणाला सांगितली नाही. भूकंपाविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं, अनुभवला कधीच नव्हता. जन्म वऱ्हाडातला, जमिनीखाली काळा कातळ. तो कशाला हलतोय! तिने घड्याळ पाहून सहा वाजून अठरा मिनिटं अशी वेळ वहीत टिपली आणि शेजारणीला मोठ्या कौतुकाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरकडच्या माहेरून निरोप आला. तिचे वडील भगवंतराव घराखाली सापडून गेले होते. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

सबंध गावात पडलं ते एवढंच घर. बाकीच्यांच्या उतरंडीतलं एक गाडगंसुद्धा फुटलं नव्हतं. कित्येकांना तर जागही आली नव्हती.

"धरतीमायनं बलावलं, ते गेले," तिची आई सत्यभामाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. डोळ्यांत टिपूस नसे. लोक हात जोडत आणि उठत. कोकिळेला ते पुरेना. धरतीला अख्ख्या गावात हेच घर कसं दिसलं? शेवटी तिने नागपूरला भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांना पत्र लिहिलं.

वैशाखात तिथून नारायणराव आले. तरुण गृहस्थ, डोक्याला खाकी टोपी, बगलेत कागदांची पिशवी. पारावर बसून त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. काय हललं, किती वेळ, कुठल्या बाजूने?

"मले कसं समजावं, सायेब?" म्हातारा पुंजाजी म्हणाला. "माही बाज तं रोजच हालते. तिचे चारी पाय चार गावचे हायेत."

माणसं हसली. मग कोकिळा तिथे उभी आहे हे ध्यानात येऊन गप्प झाली.

नारायणराव तिच्याबरोबर पडक्या घराकडे आले. लिंबाच्या सावलीत सत्यभामाबाई तूर पाखडत होती. नारायणरावांनी भिंतीची भेग मापली, छपराखालची मोडलेली लाकडी सरं पाहिली. मग धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, एक मोठं ढेकूळ उचलून सुरीने उभं कापलं आणि कापलेली बाजू हाताने पुसली.

"हे बघा, बाई."

कोकिळेने पाहिलं. पांढऱ्या मातीचा एक पट्टा, मग काळी बारीक रेघ, मग पुन्हा पांढरा. नदीच्या दरडीत दिसतात तसे थर.

"एकेक पट्टा म्हणजे एकेक साल. मधली काळी रेघ म्हणजे पावसाळ्यात धरलेलं शेवाळ. चौदा मोजले मी. खालचे बोटभर जाडीचे आहेत, जुनं खरडून घातलेले. हा सगळ्यात वरचा मात्र दीड वीत आहे." त्यांनी सुरी पुसली. "धक्का अगदी हलका होता. हा मुलूख आमच्या नकाशावर शांत म्हणूनच दाखवलेला आहे. वरचा थर नसता तर घर उभं राहिलं असतं, असं मला वाटतं. हा केव्हाचा?"

कोकिळेने त्या वरच्या थरावर बोट टेकलं.

"दरसालचाच हाये तो," सत्यभामाबाईने लिंबाखालूनच सांगितलं. "आखाजीले टाकतो आमी, सारं गाव टाकते तवा."

परक्या पुरुषाशी आई अशी डोक्यावरचा पदरही न सावरता कधी बोलली नव्हती. कोकिळेने तिच्याकडे पाहिलं. सूप तसंच चालू होतं, पण त्यात तूर उरली नव्हती. आईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गेल्या श्रावणात कोकिळा तीन महिन्यांचं मूल घेऊन माहेरी आली होती. आठ दिवस झड लागली होती. "बाबा, पाळण्यावर गळतंय," ती म्हणाली होती. एवढंच. दुसऱ्या दिवशी उघाड पडताच भगवंतरावांनी दोन गाड्या माती आणली. ओल्या धाब्यावर माती कुणी टाकत नाही. जुनी खरडता येत नाही, नवी वाळत नाही, सगळं ओझं सरांवर बसतं. पुंजाजीने खालून टोमणा मारलाच होता, "काऊन गा भगवंता, श्रावनात धाबं? म्हतारपनी येडा झाला का?"

"नातू भिजते माहा," वरून उत्तर आलं होतं. "होळी झाली का खरडून टाकतो."

होळीला दोन दिवस होते तेव्हा पेले किणकिणले.

"श्रावणात टाकला," कोकिळा म्हणाली. "ओल्या धाब्यावर. माझ्या बाळासाठी."

"कोकिळे!" सत्यभामाबाईच्या हातून सूप पडलं. "तुले कोनं इचारलं? सायेब, तिचं काई लिऊ नोका. तिले दुःखानं समजून नाई राह्यलं."

नारायणरावांनी लेखणी कागदावरून उचलली. "हे लिहिलंच पाहिजे असं नाही, बाई."

"लिहा. गावात प्रत्येकाच्या डोक्यावर असे थर आहेत. लोकांना सांगा, आधी खरडा म्हणून."

त्यांनी लिहिलं. पुष्कळ वेळ लिहिलं. मग टोपी हातात घेऊन दोघींना नमस्कार केला आणि ते पाराकडे गेले.

कोकिळा आईपाशी जाऊन बसली. तिने खांद्यावर ठेवलेला हात आईने झटकला. पुन्हा ठेवला तेव्हा आईने तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. दोन महिने कोरडी राहिलेली बाई आता तोंडात पदर कोंबून रडत होती.

"म्या बी म्हनलं होतं त्याह्यले," ती मध्येच म्हणाली. "टाका म्हून. तू बोलाच्या अगुदर म्याच म्हनलं होतं."

ते खरं होतं, की तेही लेकीसाठीच रचलेलं होतं, कोकिळेला कळेना. तिने विचारलं नाही.