सुलोची मेंढी

मेरुशेला कुणी भित्री म्हटलं असतं, तर तिने त्याच्या अंगावर ताकाची अख्खी घागर रिकामी केली असती. लांडगा मेंढवाड्यात शिरला तेव्हा तिने त्याला ओंडक्याने हाणलं होतं, आणि वर शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. पण त्या वसंतात दिवस कलायला लागला की ती अंगणात एकटी थांबायची नाही. सूर्य समोरच्या डोंगराआड गेला की अंगणातला कुत्रा उठायचा, खालच्या वाटेकडे बघत उभा राहायचा आणि शेपूट हलवायला लागायचा. वाटेवर चिटपाखरू नसायचं. तेवढ्यात आत खाटेवर तिच्या मुलाला, पेत्रितला, हुडहुडी भरायची.

मेंढपाळाचा कुत्रा परक्याला शेपूट हलवत नाही, लचका तोडतो. त्यामुळे वाटेवर कोण येतं हे मेरुशेला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा सुलो मागच्या पानगळीत वारला होता, आणि तो त्याच वाटेने कळप घेऊन घरी यायचा.

सुलोचा तापही असाच होता. दिवसभर माणूस ठणठणीत, चेष्टामस्करी करणारा. संध्याकाळ झाली की हाडं कडकडायची, आणि पहाटे गादी पिळून वाळत घालावी लागायची. ताप यायचा, राहायचा, जायचा, पुन्हा यायचा. खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी संधिवातापासून फुप्फुसापर्यंत सगळी नावं घेऊन पाहिली, आणि तोवर सुलोचं हृदय दमलं. जाण्याआधी त्याने मेरुशेचं मनगट घट्ट धरलं.

"कालेशेला विकू नकोस. कापूही नकोस. शब्द दे."

तिने शब्द दिला. त्यांच्या कुर्वेलेशच्या डोंगरात मरणाऱ्याला दिलेला शब्द जो मोडतो, त्याच्या घरी पुन्हा कुणी कॉफी प्यायला जात नाही.

कालेशे ही कळपाची म्होरकी. पांढरी शुभ्र, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी वर्तुळं. तिच्या मागे सगळा कळप चालायचा, आणि तिच्यापुढे चालायची हिंमत फक्त सुलोची. तो गेला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा उतरवल्या. वर्ष सरेपर्यंत त्या पुन्हा बांधायच्या नव्हत्या. मुका कळप धुक्यातून येतो तेव्हा तो आला हे कळतच नाही. एकदम आपल्या आजूबाजूला श्वास ऐकू येतात. मेरुशेला त्या हिवाळ्यात ते श्वास सहन होत नसत.

त्याच हिवाळ्यात मेंढ्या गाभडायला लागल्या. एक, मग दुसरी, मग रोजच कुणीतरी. कोकरं पूर्ण घडलेली असायची, खुरं, कान, अंगावर ओली लोकर, सगळं जागच्या जागी. श्वास तेवढा नसायचा. मेंढ्या त्यांना चाटत राहायच्या आणि हळू आवाजात हाका मारत राहायच्या. मेरुशे उघड्या हातांनी ती कोकरं उचलायची, वार ओढून काढायची आणि बर्फ खणून पुरून टाकायची. कालेशेनेही गाभ टाकला तेव्हा शेजारचा रेशो कुंपणापलीकडून म्हणाला, "मेरुशे, सुलो एकटा कंटाळला असणार. वरती कळप जमवतोय." तो थट्टा करत होता. मेरुशेला हसू आलं नाही.

मग पेत्रितला ताप आला.

वसंत लागता लागता डॉक्टर फ्लुतुरा जीप घेऊन आली. गुरांची डॉक्टर, उंच बुटांची, बोलायला फटकळ. तिने मेंढ्यांचं रक्त घेतलं, आणि पेत्रितला माणसांच्या दवाखान्यात पाठवून त्याचंही तपासून घेतलं. मेरुशेने मात्र सुई टोचून घेतली नाही, हात शालीखालीच ठेवला. पुढच्या खेपेला डॉक्टरने अंगणातच सांगून टाकलं.

"ब्रुसेला म्हणतात याला, मावशी. मेंढीचा गाभ पाडतो तोच जंतू माणसाला ताप आणतो. दुधातून येतो, वारेतून येतो, उघड्या हातांतून येतो. ज्यांच्या कानात लाल बिल्ला मारलाय त्या मेंढ्या ट्रकमध्ये जाणार. त्यांना बरं करता येत नाही."

"आमच्या सात पिढ्या हेच दूध प्यायल्या," मेरुशे म्हणाली.

"आणि सातही पिढ्यांची कंबर चाळिशीत का मोडते, ते कधी विचारलंत?"

मग डॉक्टर सुनेकडे वळली. झामिरा दाराला टेकून उभी होती, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच पोटुशी. "आणि तू, पोरी, न उकळलेलं दूध, न उकळलेल्या दुधाचं चीज, काही खायचं नाही. कुणाच्याही घरचं नाही. कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी."

झामिराने मान हलवली. मेरुशेने तोंड फिरवलं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी मेरुशे कालेशेला घेऊन डोंगर चढली. वर एक कपार होती, समोर काटेरी झुडपं, आत पाण्याचा झरा. तिने मेंढीच्या कानातला लाल बिल्ला चाकूने कापून काढला, कपारीच्या तोंडाशी फांद्या रचल्या आणि तिला बजावलं, "गप्प राहा गं बाई. मी तुझ्या धन्याला शब्द दिलाय." ट्रक आला, मेंढ्या चढवल्या गेल्या. त्या गर्दीत कोण गेली नि कोण नाही हे बघायची ताकद पेत्रितमध्ये नव्हती. तो दारामागे जाऊन रडत होता. उरलेल्या निरोगी मेंढ्या रेशोच्या कळपात चरायला लागल्या.

पेत्रितने गोळ्या नेमाने घेतल्या. ताप उतरला. तो अंगणात येऊन बसला, मधमाश्यांच्या लाकडी पेट्या दुरुस्त करू लागला, बायकोला चिडवू लागला, "मुलगा झाला तर नाव मी ठेवणार, मुलगी झाली तर नावावरून आईशी तू भांड." त्या दिवसांत कुत्राही संध्याकाळी झोपून असायचा. मेरुशेला वाटलं, सुटलो.

आता घरात पेत्रितच्या हुकमाने सगळं दूध उकळलं जायचं, अगदी भांड्यावर फेस येऊन बाहेर सांडेपर्यंत. मेरुशेच्या मते ते मेलेलं दूध. त्या डोंगरात पहिलटकरणीला सासूच्या हातचं ताजं चीज खायला मिळतं, म्होरकीच्या दुधाचं, मिठाशिवाय, अजून कोमट असतानाच. मेरुशेच्या सासूने तिला ते भरवलं होतं, आणि म्हणून पेत्रित असा धिप्पाड झाला, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. आता आपल्या नातवाला भांड्यातलं मेलेलं पाणी पाजायचं? तिच्या जिवाला ते लागलं. ती रोज सकाळी डोंगरावरची चहाची पानं आणायला म्हणून निघायची, कपारीत कालेशेची धार काढायची, तिथेच विरजण घालायची आणि फडक्यात बांधलेला पांढरा गोळा संध्याकाळी घरी आणायची.

"रेशोकडचं आहे," ती झामिराला सांगायची. "त्याचा कळप तपासलेला आहे. खा, पोरी. माझ्यासमोर नको, लाजतेस. पण खा."

"खाते, आई," झामिरा म्हणायची, आणि फडकं धुऊन परत द्यायची.

झामिराचं पोट वाढत होतं, गाल भरत होते. मेरुशे मनातल्या मनात फुशारत होती. आणि एके दिवशी सूर्य डोंगराआड गेला, कुत्रा उठला, शेपूट हलवायला लागला, आणि आत पेत्रितचे दात वाजायला लागले.

मेरुशेने दाराला कडी घातली. गोळ्यांनी जातो तो आजार; हा तर गोळ्या संपायची वाट बघत बसला होता. या वेळी ताप नुसता हाडांत राहिला नाही, पाठीच्या कण्यात उतरला. पेत्रितला उठून बसवेना. कूस बदलताना तो असा ओरडायचा की झामिरा कान झाकून घ्यायची. मेरुशे उशाशी बसून त्याचं कपाळ पुसायची आणि दाराकडे बघत राहायची. कधी तिला ओल्या लोकरीचा वास यायचा, कधी उंबऱ्याशी कुणीतरी बूट झटकल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी ती कबरीवर गेली आणि तिने नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं.

"काय हवंय तुला? जिवंत होतास तेव्हाही असाच होतास, तोंडाने मागायचा नाहीस, नुसता रुसून बसायचास. शब्द पाळला ना मी? तुझी लाडकी वर कपारीत आहे, राणीसारखी. मग पोराच्या मागे का लागलास?" वाऱ्याने कबरीवरचं गवत हलत होतं. मेरुशे ओठ चावत उभी राहिली. मग तिला कळलं, किंवा तिला वाटलं की कळलं. सुलोला कालेशे हवी होती. म्होरकीशिवाय तो तरी कसा चालणार? कालेशेला जपायला सांगितलं ते तिने मागाहून त्याच्याकडे यावं म्हणून.

"घे," ती म्हणाली. "माझा शब्द मोडला तर मोडला. मला नरकात टाक. तिला घे आणि पोराला सोड."

संध्याकाळी ती कालेशेला दोरीला धरून खाली घेऊन आली. कुर्बानी अंगणातच करायची, पेत्रितला दारातून दिसेल अशी. कुत्रा आधीच उठून उभा होता. झामिरा सरपण घेऊन मागून आली आणि जागच्या जागी थिजली.

"आई, ही... ही तर ट्रकमध्ये गेली होती ना?"

"गेली नव्हती. मी लपवली होती. आता विचारू नकोस, सुरी आण."

"लपवली होती? हिच्या कानात लाल बिल्ला होता!" झामिराच्या हातातलं सरपण खाली पडलं. तिची नजर मेंढीच्या कासेवर गेली. कास सैल होती, नुकतीच धार काढलेली. "आई. ते चीज रेशोकडचं होतं ना?"

मेरुशे दोरीची गाठ चाचपत राहिली.

"आई, मी विचारतेय!"

"हिचंच होतं. तुझ्यासाठीच, पोरी. बाळासाठी. आणि बघ ना, कशी टवटवीत झालीस! डॉक्टरणीला काय कळतं?"

झामिरा भिंतीशी बसली. दोन्ही हात तिने पोटावर धरले होते.

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "एक घासही नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, कुणाचंच खायचं नाही. तुम्हाला नाही म्हणायला तोंड उचलेना. आणि तुमच्या हातचं टाकून तरी कसं देऊ? रेशोचा कळप निरोगी, ह्यांचा आजार बरा झालेला, अंगात ताकद नाही... मी ह्यांना दिलं, आई. रोज. तुमची पाठ वळली की मी ते ह्यांना भरवायचे. ते म्हणायचे, आईच्या हातची चव काही निराळीच."

मेंढीने मान खाली घालून अंगणातलं गवत खायला सुरुवात केली.

मेरुशेच्या हातातून दोरी सुटली. सुलो आला नव्हता. कधीच आला नव्हता. रोज संध्याकाळी वाटेने येऊन, उंबरा ओलांडून त्या खाटेपर्यंत जे पोचत होतं, ते तिच्या फडक्यात बांधलेलं होतं. सुलो असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला हाकलता आलं असतं.

झामिरा भिंतीला धरून उठली. "मी जीप बोलावते," म्हणत ती खालच्या घरातल्या फोनकडे निघाली. तिने सासूकडे वळून पाहिलं नाही.

आतून खाट करकरली. पेत्रितने मेंढीची चाहूल ऐकली असावी.

"कोण आलंय?" त्याने विचारलं. तापाने त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाबा?"

"नाही रे," मेरुशे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "मीच आहे."

"मग आत ये ना, आई."

ती तिथेच उभी राहिली, आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरून.